बाळंतिणीचं डोकं दुखतंय? मेंदूतल्या गुठळीची शंका कधी घ्यायची आणि कुठल्या क्रमाने काय करायचं

बाळंतपणानंतर डोकं दुखायला लागलं की घरोघरी एक ठरलेला क्रम असतो. आधी वारं लागलं म्हणून कानात कापूस आणि डोक्याला स्कार्फ, मग मेडिकलमधून एक गोळी, मग दोन दिवस वाट बघणं, मग कोपऱ्यावरचे डॉक्टर, ते अजून एक गोळी देतात, आणि मग रात्री फिट येते तेव्हा धावपळ. यातलं प्रत्येकजण प्रेमानेच करत असतं, पण जे सगळ्यात आधी व्हायला हवं ते सगळ्यात शेवटी होतं. मी पुण्यात वॉर्डात सिस्टर म्हणून काम करते आणि हाच क्रम परत परत बघते, म्हणून सविस्तर लिहितेय. घरात कोणी गरोदर असेल तर नवऱ्याने, आईने आणि सासूबाईंनी पण वाचा, कारण त्या वेळी बाळंतीण स्वतः काही ठरवायच्या अवस्थेत नसते.

आधी थोडक्यात काय होतं ते. मेंदूतलं वापरलेलं रक्त मोठ्या शिरांमधून परत खाली येतं. त्या शिरेत गुठळी झाली की रक्त आत येत राहतं पण बाहेर पडत नाही, बाथरूमची जाळी तुंबलीय आणि नळ चालूच आहे तसं. मग डोक्यातला दाब वाढतो, सूज येते, कधी तिथेच रक्तस्राव होतो. गरोदरपणात शरीर बाळंतपणातल्या रक्तस्रावाची तयारी म्हणून रक्त लवकर गोठेल अशी व्यवस्था करतं, आणि ती डिलिव्हरी झाल्यावर लगेच बंद होत नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त धोका डिलिव्हरीनंतरचे पहिले ६ आठवडे, त्यातही पहिले २-३ आठवडे. आजार दुर्मिळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. वेळेत कळलं तर बहुतेक जणी चांगल्या बऱ्या होतात, आणि वेळेत कळणं बऱ्याच अंशी घरच्यांच्या हातात असतं.

## पायरी १: सातव्या महिन्यातच यादी करून डॉक्टरांना दाखवा

हे डिलिव्हरीच्या दिवशी करायचं काम नाही, तेव्हा कोणाला सुचत नाही. सातव्या-आठव्या महिन्याच्या व्हिजिटला एका कागदावर खालच्यापैकी जे लागू असेल ते लिहून न्या:

- स्वतःला आधी कधी पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झालेली, किंवा आई, बहीण, भाऊ यांना कमी वयात झालेली
- वारंवार गर्भपात
- वय ३५ च्या पुढे, वजन खूप जास्त, जुळं, आयव्हीएफ
- बीपी वाढलेलं, लघवीतून प्रोटीन जातंय
- हिमोग्लोबिन ११ च्या खाली
- खूप उलट्या होऊन ॲडमिट व्हावं लागलेलं, किंवा बरेच दिवस बेडरेस्ट
- पायाच्या शिरा फुगलेल्या, तंबाखू किंवा मिश्री

मिश्रीचं आवर्जून लिहा. बायका डॉक्टरांसमोर सांगत नाहीत आणि कोणी विचारतही नाही.

शुद्ध शाकाहारी असाल तर बी-१२ बद्दल विचारा. बी-१२ कमी असलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते गुठळीला मदत करतं. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असतात पण बी-१२ बघितलेलंच नसतं असं खूपदा दिसतं.

ही यादी दाखवून एकच प्रश्न विचारा: "मॅडम, मला डिलिव्हरीनंतर गुठळी होऊ नये म्हणून पोटावरची इंजेक्शनं लागतील का?" प्रत्येकीला लागत नाहीत. पण ज्यांना लागतात त्यांच्या फाइलवर ते आधीच लिहिलेलं असलं तर सिझरनंतरच्या गडबडीत राहून जात नाही.

थांबा, तपासा: फाइलवर रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपीचे आकडे आणि ही यादी आहे ना? माहेरी बाळंतपण असेल तर फाइलची झेरॉक्स दोन्ही घरी ठेवा आणि फोटो नवऱ्याच्या मोबाइलवर पण.

## पायरी २: डिलिव्हरीनंतरचे ६ आठवडे, आणि पाण्याचा विषय

इथे जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

"पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटेल." "टाके ओले राहतील." "बाळाला सर्दी होईल." हे मी सुशिक्षित घरांत पण ऐकते. सव्वा महिना दिवसाला चार कप कोमट पाणी, खोलीच्या खिडक्या बंद, कॉटखाली शेगडी, डोक्याला गुंडाळलेलं, आणि हे सगळं पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात. आता हिशेब करा. महिन्याभराचं पूर्ण अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. ते पाणी आईच्या शरीरातूनच जातं. वर घाम, वर रक्तस्राव. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, आणि ते आधीच गोठायच्या तयारीत आहे. भारतात बाळंतपणानंतर मेंदूत गुठळी होण्याच्या कारणांत पाणी तोडणं आणि रक्त कमी असणं ही दोन्ही डॉक्टर पूर्वीपासून सांगत आलेत.

काय करायचं:

1. दिवसाला अडीच ते तीन लिटर पातळ पदार्थ. पाणी, ताक, वरणाचं पाणी, खीर, पेज, दूध सगळं धरून. कोमट हवं तर कोमट प्या, प्रमाण कमी करू नका. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक वेळी बाळाला पाजायला बसलं की शेजारी पेला भरून ठेवायचा आणि पाजून होईपर्यंत संपवायचा.
2. लघवीचा रंग बघा. गडद पिवळी असेल तर कमी पडतंय. लोहाच्या किंवा व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी रंग बदलू शकतो हे पण लक्षात ठेवा.
3. चाला. नॉर्मल असेल तर त्याच दिवशी, सिझर असेल तर डॉक्टरांनी सांगितल्यावर पहिल्या २४ तासांतच. "ओली बाळंतीण आहे, उठायचं नाही" हे सोडून द्या. बेडवर असताना पण पावलं वर-खाली हलवत राहायची.
4. माहेरी साताऱ्याला, कोल्हापूरला जायचंय तर दोन तासांच्या आत गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं.
5. ताप, टाके पिकणं, कान फुटणं हे अंगावर काढू नका. इन्फेक्शनमुळे पण गुठळीचा धोका वाढतो.

डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, मालिश, आंघोळ सगळं करा, त्याला कोणी अडवत नाही. शेगडी मात्र बंद खोलीत नकोच, धुरामुळे पण आणि घामामुळे पण.

सावधान: बीपी फार वाढलेलं किंवा हृदयाचा त्रास असलेल्या बाईला डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर तेच पाळा, वरचं लागू नाही.

सासूबाईंशी वाद घालून उपयोग होत नाही असं माझं मत आहे. डिस्चार्जच्या वेळी त्यांनाच बरोबर घेऊन या आणि डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या, घरी गेल्यावर त्याच पेला भरून देतात.

## पायरी ३: डोकं दुखायला लागलं, पहिल्या तासात काय

झोप नाही, पाठ अवघडलेली, त्यामुळे बाळंतिणीचं डोकं दुखतंच आणि बहुतेक वेळा ते साधंच असतं. साधं नसलेलं ओळखायला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वेळ घालून कागदावर लिहा.

1. कधीपासून, आणि दिवसागणिक वाढतंय का? गुठळीचं दुखणं साधारण काही दिवसांत चढत जातं. काहींना मात्र अचानक, आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं असं एकदम सुरू होतं.
2. आडवं झाल्यावर कमी होतं की जास्त? कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर होणारं दुखणं बसलं की वाढतं आणि झोपलं की उतरतं. गुठळीचं बऱ्याचदा झोपल्यावर, पहाटे, खोकताना, शौचाला जोर लावताना वाढतं.
3. पूर्वीच्या मायग्रेनसारखंच आहे की वेगळं?
4. उलट्या, धूसर दिसणं, एकाचे दोन दिसणं?
5. हातापायाला मुंग्या, एका बाजूची ताकद कमी, बोलताना शब्द सापडत नाहीत, खूप झोप येतेय, विचित्र वागतेय, बाळाकडे लक्षच नाही?

मग लगेच बीपी मोजा. घरी मशीन नसेल तर जवळच्या दवाखान्यात. १४०/९० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० असेल तर थेट हॉस्पिटल, कारण बीपीमुळे येणारे झटके डिलिव्हरीनंतर पण येऊ शकतात, "आता बाळ झालं म्हणजे बीपीचं संपलं" हे खरं नाही.

पॅरासिटामॉलची एक गोळी चालेल. पण गोळीने थोडं उतरलं म्हणून वरच्या प्रश्नांची उत्तरं बदलत नाहीत. दिवसभर वाढत असेल, किंवा चौथ्या-पाचव्या प्रश्नाला एक जरी "हो" आलं, तर वाट बघू नका.

एक चूक फार महाग पडते. सिझरनंतर भुलीच्या इंजेक्शनमुळे डोकं दुखतंय असं एकदा ठरलं की पुढे काहीही झालं तरी घरचे तेच धरून बसतात. ते आधी झोपल्यावर उतरत होतं आणि आता झोपूनही उतरत नाही, असा बदल झाला तर ती नवीन गोष्ट समजा आणि लगेच कळवा. कमरेतल्या इंजेक्शननंतर गुठळी होणाऱ्यांत अशी उदाहरणं असतात.

दुसरी चूक विचित्र वागण्याची. बाळंतीण बडबडतेय, ओळखत नाहीये, भलतंच बोलतेय, तर नजर लागली, बाहेरचं काही झालं म्हणून दोन दिवस जातात. आधी मेंदू तपासून घ्या, बाकी सगळं नंतर.

## पायरी ४: फिट आली तर

1. घड्याळ बघा. किती वेळ चालली हे हॉस्पिटलमध्ये विचारतातच.
2. बाळ बाजूला घ्या, तिला कुशीवर वळवा, गरोदर असेल तर डाव्या कुशीवर.
3. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मिनिटं जातात, उपयोग शून्य.
4. हातपाय दाबून धरू नका, फक्त डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा.
5. एकाने १०८ ला फोन करा. फिट थांबली तरी जायचंच.

५ महिन्यांच्या पुढची गरोदर बाई किंवा नुकती बाळंतीण असेल तर फोनवर ते पहिल्याच वाक्यात सांगा.

## पायरी ५: कुठे जायचं आणि काय बोलायचं

हॉस्पिटल आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. डिलिव्हरी झालेलं छोटं नर्सिंग होम जवळ असलं तरी तिथे एमआरआय आणि न्यूरोचे डॉक्टर नसतात, मग तिथून पुढे, परत पुढे असं फिरावं लागतं. तीन गोष्टी एका छताखाली हव्यात: रात्री पण चालणारं एमआरआय, न्यूरोलॉजिस्ट, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. तुमच्या मॅडमना आधी फोन करा पण त्यांचा फोन लागेपर्यंत घरी बसू नका. खर्चाची काळजी असेल तर स्टेशनजवळचं ससून आहे. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या पेशंटसाठी राखीव असतात, तिथल्या सोशल वर्करला पहिल्याच दिवशी भेटा, आणि रेशनकार्ड, आधार फाइलमध्येच ठेवा.

रस्त्याचा पण विचार करा. हिंजवडीहून किंवा सिंहगड रोडने संध्याकाळी सातला शहरात यायला किती वेळ लागतो हे आपल्याला माहितीये, आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड बंद असतात. पेठेत राहत असाल आणि तारीख गणपतीच्या आसपास असेल तर बाहेर पडायचा रस्ता आणि हॉस्पिटल दोन्ही आधीच बघून ठेवा.

कॅज्युअल्टीत "डोकं दुखतंय" एवढंच सांगू नका. बाळ घरी ठेवून आलेली बाई बाळंतीण आहे हे बघून कळत नाही, आणि केसपेपरवर नुसतं डोकेदुखी लिहिलं जातं. असं सांगा:

"हिची डिलिव्हरी होऊन ११ दिवस झालेत, सिझर होतं. ४ दिवसांपासून डोकं दुखतंय आणि वाढतच चाललंय, झोपलं की जास्त, आज दोनदा उलटी झाली, काल संध्याकाळपासून धूसर दिसतंय. मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते का, ते तपासाल का?"

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत.

थांबा, तपासा: केसपेपरवर डिलिव्हरीची तारीख लिहिली का? डोळ्यांच्या मागचा पडदा टॉर्चसारख्या यंत्राने बघितला का? डोक्यात दाब वाढला की तिथे सूज दिसू शकते. नाही दिसली तरी गुठळी नाही असं मात्र ठरत नाही.

## पायरी ६: योग्य स्कॅन

साधा सीटी नॉर्मल आला म्हणजे गुठळी नाही, असं नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. साध्या सीटीत रक्तस्राव दिसतो, पण शिरेतली गुठळी बऱ्याच पेशंटमध्ये दिसतच नाही. रिपोर्ट नॉर्मल, पेशंट घरी, आणि तीन दिवसांनी फिट, हा प्रवास इथूनच सुरू होतो. शिरा दाखवणारी तपासणी म्हणजे एमआरआय आणि त्याबरोबर एमआर व्हेनोग्राम. नुसता एमआरआय लिहिला असेल तर व्हेनोग्राम पण आहे का ते विचारा. एमआरआय नसेल तर सीटी व्हेनोग्राम होतो.

गरोदर असताना एमआरआय चालतो, त्यात किरणोत्सर्ग नसतो, आणि व्हेनोग्राम कॉन्ट्रास्ट (शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) न देता पण करता येतो. अंगावर पाजणाऱ्या आईला कॉन्ट्रास्ट दिला तरी दूध थांबवायची सहसा गरज नसते. डी-डायमर नावाची रक्ततपासणी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तशीही वाढलेली असते, तिच्यावर निर्णय टाकू नका.

तयारी: मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, केसातल्या पिना, हुकाचे कपडे सगळं काढायचं. जोडवी सुजलेल्या बोटातून निघत नाहीत आणि रात्री दोन वाजता साबण शोधत बसावं लागतं, ती नवव्या महिन्यातच काढून ठेवा. कॉपर टी बसवलेली असेल तर टेक्निशियनला सांगा. आत अर्धा-पाऊण तास जातो, बाळाला आधी पाजून घ्या.

## पायरी ७: उपचार सुरू होताना

बहुतेक वेळा रक्त पातळ करणारी हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू होतात, पोटाच्या कातडीखाली, वजनावरून डोस. आणि इथे नातेवाईक अडतात. "मेंदूत रक्तस्राव आहे म्हणता आणि रक्त पातळ करता?" हो. तो रक्तस्राव मागून दाब तुंबल्यामुळे झालेला असतो, गुठळी वाढायची थांबली तर दाब उतरायचा मार्ग मोकळा होतो, त्यामुळे रक्तस्राव असला तरी हेच औषध देतात. समजून घ्यायला पाच मिनिटं घ्या, पण सह्या करायला गावाहून काका येईपर्यंत थांबू नका. फार सूज आली तर क्वचित ऑपरेशन लागतं.

हेपॅरिन चालू असताना बाळाला पाजता येतं. हे विचारा नक्की, कारण "औषधं चालू आहेत" म्हणून घरचेच पाजणं बंद करून टाकतात. तिला पाजता येत नसेल तेव्हा दूध काढायची सोय करा, नाहीतर स्तनात गाठी होऊन ताप येतो.

## पायरी ८: घरी गेल्यावर

औषध साधारण ३ ते ६ महिने, काहींना जास्त. डिलिव्हरीआधी गुठळी झाली असेल तर उरलेलं गरोदरपण आणि डिलिव्हरीनंतर किमान ६ आठवडे इंजेक्शन. अशा वेळी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर पुढचं इंजेक्शन न घेता आधी हॉस्पिटलला फोन करा, कमरेतून भूल द्यायची असेल तर शेवटच्या डोसनंतर ठरावीक तास जावे लागतात.

- इंजेक्शन: बेंबीपासून आणि टाक्यांपासून लांब, रोज जागा बदलून, टोचल्यावर चोळायचं नाही. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा पूर्ण डोस घ्यायचा असेल तर काढू नका, औषध वाया जातं.
- गोळ्या: रक्त पातळ करणारी वॉरफेरिन अंगावर पाजताना चालते, गरोदरपणात टाळतात. त्यामुळे पाळी चुकली तर लगेच टेस्ट करा आणि डॉक्टरांना कळवा. नवीन प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पाजणाऱ्या आईला सहसा देत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर पाजताय हे आधी सांगा.
- आयएनआर: वॉरफेरिनने रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ततपासणी, आकडा साधारण २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. मेथी, पालक बंद करायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. बाळंतकाढा किंवा कुठलंही चूर्ण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.
- दुखण्याच्या गोळ्या: ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने नाही. पॅरासिटामॉल चालते.
- फिट येऊन गेली असेल तर: बाळाला एकटीने आंघोळ घालायची नाही, पाजायला जमिनीवर गादी टाकून बसायचं, आणि डॉक्टर सांगेपर्यंत टू-व्हीलर चालवायची नाही. फिटच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत.

सावधान, हे बरेच जण विसरतात: माला-डी, माला-एन किंवा इस्ट्रोजेन असलेली कुठलीही गर्भनिरोधक गोळी यापुढे नको. कॉपर टी किंवा निरोध चालतो. आणि मंगळागौर, गौरी-गणपती, सत्यनारायण, वारी आली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून सहज आणल्या जातात, त्या पण नकोत, अगदी जावेने आग्रह केला तरी. यात माझं म्हणणं कडक वाटेल, पण पूजेला बसायचा मान दुसऱ्या कोणाला द्या, गोळी घेऊ नका.

पुढचं मूल हवं असेल तर बहुतेक जणींना होऊ शकतं. पण दिवस राहण्याआधी न्यूरोलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा, पुढच्या वेळी सहसा गरोदरपणात आणि डिलिव्हरीनंतर ६ आठवडे इंजेक्शन द्यायचं ठरतं. ३ ते ६ महिन्यांनी व्हेनोग्राम परत करायला सांगतात, डोळ्यांची तपासणी पण, त्या तारखा डिस्चार्जच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून टाका. मोबाइलच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा: गुठळी झाल्याची तारीख, चालू औषधाचं नाव आणि डोस, शेवटचा आयएनआर. दात काढायचा असला तरी ती आधी दाखवायची.